पीएचपी जीडीसकट परत कंपाईल करताना पडणारे प्रश्न – इंदूरच्या आपल्या साईटवाल्यांसाठी

इंदूरमध्ये आपल्या मंडळाची साईट, सियागंजच्या एखाद्या होलसेल दुकानाचा कॅटलॉग, क्लॉथ मार्केटमधल्या साड्यांचे फोटो, असं काहीतरी सांभाळणारे बरेच मराठी लोक आहेत आणि त्यातले निम्मे तरी कधी ना कधी फोन करून विचारतात की फोटो अपलोड होतो पण छोटा होत नाही, किंवा पान एकदम पांढरं येतं. बहुतेक वेळा घोडं जीडीवर, म्हणजे पीएचपीच्या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीवर, अडलेलं असतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. मी पीएचपी (साईट चालवणारी भाषा) ८.३ आणि उबुंटू किंवा डेबियन धरून लिहिलंय, जिथे वेगळं आहे तिथे सांगितलंय. कमांड इथे वाचायला सोप्या म्हणून देवनागरीत आहेत, टर्मिनलवर त्या रोमनमध्ये आणि लहान अक्षरांतच टाकायच्या.

जीडी म्हणजे नक्की काय, आणि ते पीएचपीत आपोआप का नसतं?

जीडी ही सी भाषेतली चित्रं बनवायची लायब्ररी आहे, थॉमस बूटेलने १९९४ च्या सुमारास लिहायला घेतलेली, म्हणजे पीएचपीच्याच वयाची, कारण रासमुस लेरडॉर्फने पीएचपी लोकांसमोर आणलं ते १९९५ मध्ये. फोटो छोटा करणं, कापणं, त्यावर नाव लिहिणं, कॅप्चा बनवणं, हे सगळं पीएचपी जीडीकडून करून घेतं. पीएचपी ४.३ पासून जीडीची एक प्रत पीएचपीच्या सोर्समध्येच (मूळ कोडमध्ये) येते, तिला बंडल्ड जीडी म्हणतात.

पण सोर्समध्ये असणं आणि तुमच्या बायनरीत (त्यातून बांधलेल्या चालत्या प्रोग्राममध्ये) असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. कंपाईल म्हणजे सोर्सवरून बायनरी बांधणं, आणि त्याआधी काय काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टला सांगितलं नाही तर जीडी कंपाईलच होत नाही. आणि जीडी स्वतः जेपेग उघडत नाही, त्याला लिबजेपेग लागते, पीएनजीला लिबपीएनजी, अक्षरांना फ्रीटाइप, वेबपी ह्या फोटोच्या प्रकाराला लिबवेबपी. ह्यातली प्रत्येक गोष्ट कंपाईलच्या वेळीच ठरते. पोह्यांवर जीरावन वरून भुरभुरता येतं, जेपेगचा सपोर्ट तसा नंतर वरून टाकता येत नाही, तो शिजतानाच आत जायला पाहिजे. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

खरंच कंपाईल करायला लागतं का? पॅकेज नाही का चालत?

चालतं, आणि चालत असेल तर तेच वापरा. उबुंटूवर ऍप्ट इन्स्टॉल पीएचपी-जीडी, फेडोरा किंवा रॉकीवर डीएनएफ इन्स्टॉल पीएचपी-जीडी, सर्व्हिस रीस्टार्ट, झालं काम. सीपॅनलवाल्या सर्व्हरवर ईझीअपाचेमध्ये जीडीचं पॅकेज निवडायचं असतं, तिथे सोर्सला हात लावायची गरज नाही. डॉकरच्या ऑफिशियल पीएचपी इमेजमध्ये डॉकर-पीएचपी-एक्स्ट-कॉन्फिगर आणि डॉकर-पीएचपी-एक्स्ट-इन्स्टॉल ह्या दोन स्क्रिप्ट तयार दिलेल्याच आहेत.

कंपाईल कधी करायचं, तर पीएचपी आधीच कोणीतरी सोर्सवरून टाकून ठेवलेलं असेल आणि त्यात जीडी नसेल तेव्हा, किंवा पॅकेजमध्ये तुम्हाला पाहिजे ते नसेल तेव्हा, उदाहरणार्थ एव्हीआयएफ (फोटोचा एक नवा प्रकार) पाहिजे पण डिस्ट्रो (उबुंटू, डेबियनसारखा लिनक्सचा प्रकार) जुना आहे, किंवा एकाच मशीनवर दोन-तीन व्हर्जन वेगवेगळ्या चालवायच्या आहेत तेव्हा. सोर्सवरून टाकलेल्या पीएचपीवर ऍप्टचं जीडी पॅकेज टाकून काही उपयोग होत नाही बरं का, ते ऍप्टच्या पीएचपीला जोडलं जातं, तुमच्या /यूएसआर/लोकलवाल्याला त्याचा पत्ताच नसतो. ही गोष्ट लोकांना माहीत नसते आणि मग दिवसभर पॅकेज टाकत-काढत बसतात.

आपल्याकडे जीडी आहे की नाही कसं बघायचं?

टर्मिनलवर पीएचपी -एम केलं की मॉड्यूलची यादी येते, त्यात जीडी दिसलं पाहिजे. त्याहून चांगलं म्हणजे पीएचपी --आरआय जीडी, त्यात जेपेग सपोर्ट, पीएनजी सपोर्ट, फ्रीटाइप सपोर्ट, वेबपी सपोर्ट असं एकेक सांगतं. कोडमध्ये बघायचं तर जीडी_इन्फो हे फंक्शन तीच माहिती ऍरेमध्ये देतं.

फक्त एक, टर्मिनलवरचं पीएचपी आणि वेबसर्व्हरचं पीएचपी एकच असेल असं धरून चालू नका. दोघांच्या बायनरी वेगळ्या असू शकतात, पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाईल तर बऱ्याचदा वेगळीच असते. म्हणून एक छोटी फाईल करून त्यात पीएचपीइन्फो टाका, ब्राउझरमधून उघडा, काम झालं की लगेच डिलीट करा कारण त्यात सर्व्हरची सगळी कुंडली दिसते.

जीडी दिसतंय, तरी "कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन इमेजक्रिएटफ्रॉमजेपेग" येतं, असं कसं?

कारण जीडी आहे पण जेपेगशिवाय बांधलंय. जेपेगचा सपोर्ट नसेल तर जेपेगची फंक्शनं बायनरीत नसतातच. तसंच इमेजटीटीएफटेक्स्ट अनडिफाइन्ड आलं म्हणजे फ्रीटाइप नाही. ह्याला पीएचपी.आयएनआयमध्ये काही इलाज नाही, परत कॉन्फिगर आणि परत मेक (प्रत्यक्ष कंपाईल करणारी कमांड). ही एरर बघून खूप जण एक्स्टेन्शन=जीडी ही ओळ दोनदा-तीनदा टाकतात, त्याने फक्त "मॉड्यूल आधीच लोड झालंय" अशी वॉर्निंग वाढते.

कंपाईल करायच्या आधी काय काय टाकून घ्यायचं?

लायब्ररीची डेव्ह पॅकेजं. नुसती लायब्ररी असून भागत नाही, तिच्या हेडर फाईली पाहिजेत आणि त्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. डेबियन-उबुंटूवर नावाच्या शेवटी -डेव्ह असतं, रेडहॅट घराण्यात -डेव्हेल. जीडीसाठी लिबपीएनजी-डेव्ह, लिबजेपेग-डेव्ह, लिबफ्रीटाइप-डेव्ह, लिबवेबपी-डेव्ह आणि झेडलिबचं डेव्ह पॅकेज. सोबत बिल्ड-इसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिग. पीएचपीचं स्वतःचं म्हणून लिबएक्सएमएल२ आणि एसक्यूलाइट३ ची डेव्ह पॅकेजं लागतात कारण ती एक्स्टेन्शनं (पीएचपीचे जोडभाग) डिफॉल्ट चालू असतात. एमबीस्ट्रिंग (मराठीसारखी अक्षरं हाताळणारं एक्स्टेन्शन) पाहिजे असेल, आणि मराठी मजकूर असेल तर पाहिजेच, तर लिबओनिग-डेव्ह, कारण ७.४ पासून त्याला लागणारी ओनिगुरुमा लायब्ररी पीएचपीसोबत येत नाही. कर्ल आणि ओपनएसएसएल तुम्ही वापरत असाल तर त्यांचीही.

सोर्स पीएचपीच्या ऑफिशियल साईटवरूनच घ्या आणि तिथे दिलेला एसएचए२५६ (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळवून बघा. पेनड्राइव्हवर कोणाकडून घेतलेला सोर्स लाइव्ह सर्व्हरवर नको.

कॉन्फिगरची ओळ काय लिहायची? जुन्या ट्यूटोरियलमधली चालत नाही.

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पीएचपी ७.४ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये, जीडीच्या सगळ्या ऑप्शनची नावं बदलली. आधी --विथ-जीडी होतं, आता --एनेबल-जीडी. आधी --विथ-जेपेग-डिर आणि पुढे पाथ, आता नुसतं --विथ-जेपेग. --विथ-फ्रीटाइप-डिरचं --विथ-फ्रीटाइप झालं, --विथ-वेबपी-डिरचं --विथ-वेबपी. --विथ-पीएनजी-डिर तर गेलंच, कारण बंडल्ड जीडीला पीएनजी आणि झेडलिब आता लागतातच. ८.१ पासून --विथ-एव्हीआयएफ आलं. सिस्टिमवरची जीडी वापरायची असेल तर --विथ-एक्स्टर्नल-जीडी.

आता धोका कुठे आहे बघा. तुम्ही ८.३ ला जुना --विथ-जीडी दिला तर कॉन्फिगर थांबत नाही. एक वॉर्निंग देतं, "अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स", आणि पुढे चालू लागतं. ती ओळ शेकडो ओळींत हरवते, शेवटी सगळं व्यवस्थित झाल्याचा मेसेज येतो, मेक होतं, इन्स्टॉल होतं, आणि जीडी नसतंच. माणूस म्हणतो मी तर ऑप्शन दिला होता. दिला होता, पण ऐकलाच नाही त्याने. म्हणून कॉन्फिगर संपलं की शेवटच्या काही ओळी वाचायच्या म्हणजे वाचायच्या, आणि आउटपुट एका फाईलमध्ये घेऊन त्यात अनरेकग्नाइज्ड शोधायचं, मग जेपेग, फ्रीटाइप, वेबपी शोधून प्रत्येकापुढे यस आहे का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याने एक पूर्ण कंपाईल वाचतो.

साधारण साईटला मी हे देतो: --एनेबल-जीडी --विथ-जेपेग --विथ-फ्रीटाइप --विथ-वेबपी, त्यासोबत --एनेबल-एक्झिफ, --एनेबल-एमबीस्ट्रिंग, आणि डेटाबेसचं काय असेल ते. एक्झिफ का, ते खाली फोटो आडवे पडण्याच्या प्रश्नात आहे.

७.४ पासून लायब्ररी कुठे आहे ते पीकेजी-कॉन्फिग शोधतं. तुम्ही एखादी लायब्ररी हाताने /ऑप्टमध्ये टाकली असेल तर पीकेजी_कॉन्फिग_पाथ हा व्हेरिएबल (हा मात्र मोठ्या अक्षरांत) तिच्या पीकेजीकॉन्फिग फोल्डरकडे वळवायचा, ऑप्शनपुढे पाथ लिहून उपयोग नाही.

"पॅकेज रिक्वायरमेंट्स वेअर नॉट मेट" म्हणून थांबतं.

हे चांगलं आहे, निदान थांबतं तरी. त्या ओळीत ज्या लायब्ररीचं नाव आहे तिचं डेव्ह पॅकेज टाका आणि परत कॉन्फिगर चालवा. नाव कळत नसेल तर कॉन्फिग.लॉग उघडून अगदी खालून वर वाचत जा.

आधीच्या माणसाने काय ऑप्शन दिले होते ते माहीत नाही, आता काय?

पीएचपीइन्फोच्या अगदी वर कॉन्फिगर कमांड म्हणून अख्खी ओळ असते, टर्मिनलवर पीएचपी -आय मध्येही दिसते. ती उचला आणि त्यात जीडीचे ऑप्शन जोडा. नुसते जीडीचे ऑप्शन देऊन कंपाईल केलं तर मायएसक्यूएल, कर्ल, झिप, आधी जे जे होतं ते सगळं जाईल आणि साईट पूर्ण बंद पडेल, हे लक्षात असू द्या. बिल्डचं फोल्डर शिल्लक असेल तर त्यात कॉन्फिग.नाइस नावाची फाईल असते, त्यात शेवटची कॉन्फिगर ओळ जशीच्या तशी असते. ती फाईल मेलवर, पेनड्राइव्हवर, जिथे जमेल तिथे जपून ठेवा. उद्या तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात आणि मंडळाची साईट दुसऱ्या कोणाकडे आली तर त्याला तेवढीच एक गोष्ट लागणार आहे.

पूर्ण पीएचपी परत न बांधता फक्त जीडी जोडता येतं का?

येतं, आणि बहुतेक वेळा हाच रस्ता बरा. सध्या चालू आहे त्याच व्हर्जनचा सोर्स घ्या, अगदी तोच, ८.३ असेल तर ८.३ चाच. त्यात एक्स्ट/जीडी फोल्डरमध्ये जा, पीएचपाइझ (एक्स्टेन्शन बांधायची तयारी करणारी स्क्रिप्ट) चालवा, मग कॉन्फिगरला --विथ-पीएचपी-कॉन्फिग देऊन तुमच्या पीएचपीच्या पीएचपी-कॉन्फिगचा पूर्ण पाथ सांगा आणि सोबत जेपेग-फ्रीटाइपचे ऑप्शन, मग मेक आणि मेक इन्स्टॉल. एक जीडी.एसओ फाईल एक्स्टेन्शनच्या फोल्डरमध्ये जाऊन बसेल. पीएचपी.आयएनआयमध्ये एक्स्टेन्शन=जीडी ही ओळ, रीस्टार्ट, झालं.

मशीनवर दोन पीएचपी असतील तर पीएचपाइझही दोन असतात, म्हणून पाथ पूर्ण लिहा. चुकीच्या पीएचपाइझने बांधलं तर सुरू होताना "मॉड्यूल कंपाईल्ड विथ मॉड्यूल एपीआय" अशी ओळ येते आणि खाली दोन आकडे दिसतात, त्यातला ८.३ चा २०२३०८३१, ८.२ चा २०२२०८२९, ८.१ चा २०२१०९०२. आकडे जुळत नसतील तर दुसऱ्याच व्हर्जनसाठी बांधलंय. फोल्डर पूर्ण साफ करून, पीएचपाइझ --क्लीन करून, परत सुरुवात.

मेक मधेच थांबतं, नुसतं "किल्ड" लिहून येतं.

रॅम संपली. स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर), एक जीबी किंवा त्याहून कमी, त्यावर डेटाबेसही चालू, मग कर्नल कंपायलरलाच मारतो. फाइलइन्फो एक्स्टेन्शनचा एक भाग ह्यात खास बदनाम आहे, तो कंपाईल होताना मेमरी खूप खातो. दोन जीबीची स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा, फॅलोकेट, सीएचमॉड ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन ह्या क्रमाने, आणि मेकला -जे देऊ नका, एकेक फाईल होऊ द्या, वेळ लागला तर लागला. फाइलइन्फो बंद करायचा सल्लाही लोक देतात पण मला तो पटत नाही, अपलोड झालेली फाईल खरंच फोटो आहे का हे तपासायला तेच कामी येतं.

घरच्या मशीनवर कंपाईल करत असाल आणि मधेच लाईट गेली तर घाबरू नका, मेक परत चालवलं की झालेलं सोडून पुढचं करतं. फक्त एखादी अर्धवट ऑब्जेक्ट फाईल राहिली असेल आणि लिंकिंगला विचित्र एरर आली तर मेक क्लीन करून पहिल्यापासून. कॉन्फिगरचे ऑप्शन बदलले तरीही मेक क्लीन करायचंच, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाईली नव्यात मिसळतात.

मेक इन्स्टॉल झालं तरी पीएचपीइन्फोत जुनंच दिसतं.

पहिली गोष्ट, सर्व्हिस खरंच रीस्टार्ट केली का, अपाचे असेल तर पूर्ण थांबवून परत चालू करा. दुसरी, नवीन पीएचपी /यूएसआर/लोकलमध्ये गेलंय आणि वेबसर्व्हर अजून डिस्ट्रोचंच वापरतोय असं असतं. अपाचेचं मॉड्यूल म्हणून वापरायचं असेल तर कॉन्फिगरला --विथ-एपीएक्सएस२ दिलेलं पाहिजे आणि लोडमॉड्यूलची ओळ नव्या फाईलकडे पाहिजे, ८ पासून त्या फाईलचं नाव लिबपीएचपी.एसओ झालंय, आधी लिबपीएचपी७.एसओ होतं. एनजिनएक्स (दुसरा एक वेबसर्व्हर) असेल तर --एनेबल-एफपीएम (एफपीएम म्हणजे पीएचपी वेगळं चालवणारी सर्व्हिस), आणि एनजिनएक्समध्ये सॉकेट (दोघांना जोडणारा दुवा) कोणत्या एफपीएमचा आहे ते बघा, जुना एफपीएम चालूच राहिलेला असतो.

तिसरी, पीएचपी.आयएनआय. सोर्सवरून टाकलेलं पीएचपी डिफॉल्टने /यूएसआर/लोकल/लिबमध्ये बघतं आणि इन्स्टॉल करताना तिथे कुठलीच फाईल आपोआप ठेवली जात नाही. सोर्समधली पीएचपी.आयएनआय-प्रॉडक्शन तिथे कॉपी करायची. कुठली फाईल वाचली जातेय ते पीएचपी --आयएनआय सांगतं, वेबच्या बाजूचं पीएचपीइन्फो सांगतं.

"राँग जेपेग लायब्ररी व्हर्जन, लायब्ररी इज ६२, कॉलर एक्स्पेक्ट्स ८०", हे काय?

हेडर एका लायब्ररीचे आणि चालताना सापडली दुसरीच. मशीनवर कोणीतरी हाताने लिबजेपेग टाकलेली असते आणि डिस्ट्रोची लिबजेपेग-टर्बोही असते. हाताने टाकलेली काढून टाका, एलडीकॉन्फिग चालवा, आणि जीडी परत बांधा. जीडी.एसओवर एलडीडी चालवलं की कुठली लायब्ररी कुठून उचलली जातेय ते दिसतं, एखादीपुढे नॉट फाउंड असेल तर तेही तिथेच कळतं.

जुन्या साईटसाठी ५.६ किंवा ७.४ नव्या उबुंटूवर बांधता येईल का?

मी नको म्हणेन. ५.६ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०१८ ला संपला, ७.४ चा २८ नोव्हेंबर २०२२ ला. त्यात उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे आणि पीएचपी ८.१ च्या आधीची व्हर्जनं त्याच्याशी जुळत नाहीत, म्हणजे ओपनएसएसएलही जुनं बांधायला लागणार. फ्रीटाइपचंही तसंच, ७.४ च्या आधीची बरीच व्हर्जनं फ्रीटाइप-कॉन्फिग नावाची स्क्रिप्ट शोधतात आणि डेबियनने ती काढून टाकलीये, मग "फ्रीटाइप-कॉन्फिग नॉट फाउंड" येतं. लिबजेपेग सापडत नाही अशी एरर आली तर --विथ-लिबडिर देऊन लिब६४ किंवा लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू सांगायला लागतं. एवढी मेहनत घेण्यापेक्षा साईटचा कोड ८ वर आणा. जीडीच्या बाबतीत ८ मध्ये मोठा बदल एकच, इमेज आता रिसोर्स नसून जीडीइमेज नावाचा ऑब्जेक्ट आहे, म्हणून कोडमध्ये इज_रिसोर्सने तपासलं असेल तर ते बदला.

प्रमाणपत्रावर मराठी नाव छापतो तर अक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते.

गणेशोत्सवाच्या स्पर्धा झाल्या की दरवर्षी हा प्रश्न येतोच, आणि आपल्या लोकांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून नीट वाचा.

आधी चौकोन येतात की अक्षरं येतात ते बघा. नुसते चौकोन येत असतील तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी टाका आणि इमेजटीटीएफटेक्स्टला फॉन्टचा पूर्ण पाथ द्या. मजकूर यूटीएफ-८ मध्ये असला पाहिजे.

अक्षरं येतात पण "निबंध" लिहिलं तर न आधी आणि वेलांटी त्याच्यानंतर, "स्पर्धा" लिहिलं तर स चा पाय मोडलेला, रफार वर न जाता र आणि हलंत वेगळे, असं होत असेल तर तुमच्या कंपाईलमध्ये काही खोट नाही. फ्रीटाइप एकेक अक्षराचा आकार काढून देतं, पण देवनागरीत कुठलं चिन्ह कुठे सरकवायचं, जोडाक्षर कसं बनवायचं, हे शेपिंगचं काम आहे आणि पीएचपीसोबतची बंडल्ड जीडी ते करत नाही. कॉन्फिगरला कुठलाही ऑप्शन देऊन ते येत नाही. लोक फॉन्ट बदलून बदलून थकतात, काही जण तर मुलांची नावं रोमनमध्ये छापून मोकळे होतात, आणि मला ते बघून फार वाईट वाटतं, कारण इंदूरमध्ये मराठी वाचायला मिळायच्या जागा आधीच कमी आहेत आणि मुलाच्या हातात मराठीतलं स्वतःचं नाव नीट छापून यायलाच पाहिजे.

रस्ते तीन आहेत. एक, बाहेरची लिबजीडी जी राक्म ह्या शेपिंग करणाऱ्या लायब्ररीसोबत बांधलेली आहे, ती वापरून पीएचपी --विथ-एक्स्टर्नल-जीडीने बांधायचं. लिबजीडीच्या एसओ फाईलवर एलडीडी करा, त्यात लिबराक्म दिसत असेल तर तुमची लिबजीडी तशी आहे, नसेल तर ती आधी सोर्सवरून राक्म चालू करून बांधायला लागेल. दुसरा, इमॅजिक एक्स्टेन्शन (जीडीऐवजी इमेजमॅजिक वापरणारं), इमेजमॅजिक पँगो (हीसुद्धा शेपिंग करणारी लायब्ररी) किंवा राक्मसोबत बांधलेलं असेल तर शेपिंग बरोबर होतं. तिसरा मला सगळ्यात आवडतो, प्रमाणपत्राचा साचा एसव्हीजीमध्ये (मजकूर म्हणून लिहिलेल्या चित्राच्या फाईलमध्ये) करायचा, पीएचपीने फक्त नावाची जागा भरायची आणि आरएसव्हीजी-कन्व्हर्टने पीएनजी किंवा पीडीएफ काढायची. ते आतून पँगो वापरतं, त्यामुळे ज्ञानेश्वरी, मृण्मयी, हर्षवर्धन, सगळी नावं नीट येतात. नाव भरताना एचटीएमएलस्पेशलचार्सने साफ करून भरा, नाहीतर एखाद्या अँड चिन्हाने एसव्हीजी मोडते.

छोटा फोटो होतो, मोठा फोटो टाकला की पांढरं पान. जीडी खराब बांधलंय का?

नाही, मेमरी लिमिट. जीडी फोटो उघडतो तेव्हा फाईलचा साइज कामाचा नसतो, पिक्सेल कामाचे असतात, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट, फाईल भले ३ एमबीची असो. ५० मेगापिक्सेलच्या मोबाईलचा पूर्ण फोटो म्हणजे जवळपास २० कोटी बाइट, आणि मेमरी लिमिट डिफॉल्ट १२८ एमबी. अपलोड झाल्यावर आधी गेटइमेजसाइजने लांबी-रुंदी बघा, त्याला जीडी लागतही नाही, आणि फार मोठा असेल तर नम्रपणे परत पाठवा. बंडल्ड जीडीची मेमरी पीएचपीच्या लिमिटमध्ये मोजली जाते, एक्स्टर्नल जीडीची मोजली जात नाही, म्हणून एक्स्टर्नलवर एरर येत नाही पण अख्खा सर्व्हर गुदमरू शकतो.

फोटो आडवे पडतात आणि साडीची जर फिकट दिसते.

आडवे पडतात कारण मोबाईल फोटो फिरवून सेव्ह करत नाही, फक्त एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) लिहून ठेवतो की हा फिरवा, आणि जीडी एक्झिफ बघत नाही. एक्झिफ_रीड_डेटाने ओरिएंटेशन वाचायचं आणि इमेजरोटेटने फिरवायचं, त्यासाठीच वर --एनेबल-एक्झिफ दिलं.

जरीचं म्हणाल तर दोन गोष्टी. छोटं करताना इमेजकॉपीरीसाइज्ड वापरू नका, ते मधले पिक्सेल सरळ सोडून देतं, इमेजकॉपीरीसँपल्ड वापरा. आणि इमेजजेपेगची क्वालिटी काही दिली नाही तर ७५ च्या आसपास असते, माहेश्वरीची किनार त्यात मरते, ८५ ते ९० द्या.

जीआयएफ कधी असतं कधी नसतं असं जुने लोक सांगतात, खरं का?

जुनी गोष्ट आहे. जीआयएफमधल्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर युनिसिसचं पेटंट होतं म्हणून १९९९ मध्ये जीडीतून जीआयएफ काढलं होतं, पेटंट संपल्यावर २००४ मध्ये २.०.२८ व्हर्जनला परत आलं. आता नेहमी असतं.

कंपाईल केलं, आता सिक्युरिटी अपडेटचं काय?

हाच कंपाईलचा खरा खर्च आहे. ऍप्ट अपग्रेडने तुमचं पीएचपी बदलत नाही, नवीन व्हर्जन आलं की तुम्हीच बघायचं आणि तुम्हीच बांधायचं. लिबवेबपी, लिबपीएनजी ह्या सिस्टिमच्या असतील तर त्या मात्र ऍप्टने सुधारतात, सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीत मोठं भगदाड सापडलं होतं तेव्हा लायब्ररी अपग्रेड करून एफपीएम रीस्टार्ट केलं की पुरत होतं. पण बंडल्ड जीडीतच दोष निघाला तर परत मेक करण्याशिवाय पर्याय नाही. ज्याला हे महिन्या-दोन महिन्यांनी बघणं जमणार नाही त्याने पॅकेजच वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे.

चालू सर्व्हरवर कंपाईल करू का?

करा, पण चालू पीएचपीच्या डोक्यावर इन्स्टॉल करू नका. --प्रीफिक्स वेगळा द्या, /ऑप्ट/पीएचपी८३ असा काहीतरी, --विथ-कॉन्फिग-फाईल-पाथही त्याच्याच आतला. मग नव्या एफपीएमला वेगळा सॉकेट द्या, एक टेस्ट सबडोमेन त्याच्याकडे वळवा, जेपेग, पीएनजी, वेबपी, एक मराठी नावाचा नमुना आणि एक मोठा मोबाईल फोटो, एवढं चालवून बघा. सगळं नीट झालं की एनजिनएक्समध्ये मुख्य साईटचा सॉकेट बदलून रीलोड. काही बिघडलं तर जुना सॉकेट परत लिहायचा, एका ओळीचं काम. जुनं फोल्डर आठ-पंधरा दिवस तसंच राहू द्या, आणि हे सगळं नवरात्रात किंवा दिवाळीच्या आधी दुकानाचा धंदा जोरात असताना काढू नका, पितृपक्षात करा, तेव्हा खरेदी थंड असते आणि दुकानदार अर्धा तास साईट हलली तरी फोन करत नाही.